सात वॅट जातात कुठे : कंपन-मापन कार्डाच्या प्रकल्प नोंदी

4 मार्च 2024, सोमवार

गेल्या मे महिन्यात एका ग्राहकाकडून आमची तीन कार्डं परत आली. तिन्हींची तक्रार एकच. दुपारी तीन-साडेतीन वाजले की कार्ड संगणकाला दिसेनासं होतं, आणि संध्याकाळी शेड गार झाली की आपोआप परत दिसायला लागतं. हे आमचं चार चॅनेलचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड (संगणकाच्या आतल्या खाचेत, म्हणजे स्लॉटमध्ये बसणारं), यंत्राच्या स्पिंडलची, म्हणजे फिरत्या दांड्याची कंपनं मोजणारं. शेडमध्ये धूळ आणि तेलाचा धूर असतो म्हणून संगणक बिनपंख्याचा, बंद पेटीतला. भोसरीत आमच्या टेबलावर, डोक्यावर पंखा फिरत असताना, हेच कार्ड महिनोन् महिने चालतं.

तेव्हा मोठा हीटसिंक बसवून वेळ मारून नेली होती. पण बंद पेटीत हीटसिंक उष्णता टाकणार ती त्याच पेटीतल्या हवेत. म्हणून यंदा उलट्या बाजूने सुरुवात करते आहे. उष्णता बाहेर कशी काढायची हे नंतर बघू, आधी ती तयारच कमी कशी होईल ते बघायचं. मे उजाडण्याआधी नवा बोर्ड हातात हवा.

आजवर याकडे कोणी पाहिलं नाही, कारण कार्ड नियमात बसतं. एक्स-4, म्हणजे चार लेनच्या कार्डाला स्लॉटमधून जास्तीत जास्त 25 वॅट घेता येतात. 12 व्होल्टवर 2.1 अँपिअर आणि 3.3 व्होल्टवर 3 अँपिअर. आम्ही साधारण 20 वॅटच्या आसपास आहोत असं सगळे धरून चाललो होतो. नेमका आकडा कोणीच मोजलेला नव्हता.

6 मार्च, बुधवार

मोजायचं कसं यावरच दिवस गेला. साधा मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर मध्ये जोडला तर त्याच्या वायरी आणि आतला फ्यूज मिळून व्होल्टेज इतकं खातात की मोजायला गेलो तीच गोष्ट बदलते. म्हणून एक जुनं रायझर कार्ड (स्लॉट आणि कार्ड यांच्यामध्ये बसणारं) घेतलं. स्लॉटमध्ये 12 व्होल्टसाठी पाच पिना असतात आणि 3.3 व्होल्टसाठी तीन. रायझरवर दोन्हींचे ट्रेस (तांब्याच्या रेघा) ब्लेडने कापले आणि मध्ये 10 मिलिओहमचे चार टोकांचे शंट (करंट मोजायचे छोटे रोध) बसवले. दोन टोकांतून करंट जातो, उरलेल्या दोन टोकांवर फक्त व्होल्टेज मोजायचं, म्हणजे सोल्डरच्या जोडाचा रोध मोजणीत मिसळत नाही.

सोल्डरिंग आमच्याकडे हे काम करणाऱ्या काकांनी केलं. भिंगाखाली पाहिलं तर प्रत्येक जोड आरशासारखा.

कार्डावरच्या आतल्या प्रत्येक लाइनवर (वेगवेगळ्या व्होल्टेजच्या पुरवठ्यावर) आम्ही चाचणीसाठी शून्य ओहमचा जंपर ठेवलेला आहे. ते काढून तिथेही शंट टाकले, कोअरच्या (मुख्य चिपच्या गाभ्याच्या) लाइनवर 1 मिलिओहम आणि बाकीच्यांवर 5. एवढं सगळं लागतं, कारण स्लॉटवरचा आकडा फक्त एकूण खर्च सांगतो. कामाला किती आले आणि वाटेत किती गेले, हे कळायला दोन्ही टोकं मोजावी लागतात.

7 मार्च, गुरुवार

आज भोसरीत लाइट बंद. कागद-पेन घेऊन बसले. प्रत्येक रेग्युलेटरच्या (एका व्होल्टेजवरून दुसरं बनवणाऱ्या सर्किटच्या) डेटाशीटमधल्या आलेखावरून काढलेला अंदाज: कामाला लागणारी शक्ती 13.1 वॅट, वाटेतला तोटा 6.4 वॅट. म्हणजे एकूण 19.5 यायला हवेत. उद्या खरं काय ते कळेल.

8 मार्च, शुक्रवार

चारही चॅनेल चालू, डेटा सलग वाहतो आहे, अर्धा तास तापू दिलं, मग आकडे घेतले.

12 व्होल्टच्या लाइनवर 12.05 व्होल्ट आणि 1.37 अँपिअर, म्हणजे 16.5 वॅट. 3.3 च्या लाइनवर 1.1 अँपिअर, 3.6 वॅट. एकूण 20.1.

आतल्या लाइनींची बेरीज कागदाशी जुळली. एफपीजीएच्या (कार्डावरच्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या मुख्य चिपच्या) कोअरला 1 व्होल्टवर 6 अँपिअर. 1.8 ची डिजिटल लाइन 1.2 अँपिअर, मेमरीची 1.35 ची लाइन 1 अँपिअर. ट्रान्सिव्हरच्या (संगणकाशी डेटाची देवाणघेवाण करणाऱ्या भागाच्या) दोन लाइनी, 1.2 व्होल्टवर 0.6 आणि 1 व्होल्टवर 0.5 अँपिअर. अॅनालॉग बाजूला अँप्लिफायर 5 व्होल्टवर 0.3 आणि एडीसी (सिग्नलचे आकडे बनवणारी चिप) 1.8 वर 0.5 अँपिअर. सगळं मिळून 13.1 वॅट.

म्हणजे तोटा 7 वॅट, 6.4 नव्हे. 0.6 वॅटचा पत्ता लागत नाही. दर तीन वॅटांमागे एक वॅट नुसता बोर्ड तापवण्यात जातो हे कळून वाईट वाटलंच, पण त्या हरवलेल्या 0.6 ने रात्रभर डोक्यात घर केलं.

11 मार्च, सोमवार

थर्मल कॅमेरा एका ओळखीच्या वर्कशॉपमधून दिवसभरासाठी आणला. चित्रात कोअरच्या रेग्युलेटरची कॉइल पांढरी दिसत होती, 83 अंश. ट्रान्सिव्हरला व्होल्टेज देणारे दोन लिनियर रेग्युलेटर निळसर-जांभळे, 51 अंश. सगळ्यांचं एकमत झालं की चोर सापडला, कोअरचं सर्किट बदलायचं.

काका म्हणाले, "मॅडम, हा आकडा खोटा वाटतोय." त्यांनी रेग्युलेटरच्या पाठीवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. 51 अंशांना बोट असं मागे येत नाही.

रेग्युलेटरची पाठ चकचकीत धातूची आहे. असा धातू स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात फार कमी सोडतो आणि समोरच्या वस्तूंची परावर्तित करतो. कॅमेऱ्याला दिसत होतं ते बरचसं आमच्या छताचं तापमान. पिवळ्या, उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपचा नखाएवढा तुकडा कापून काकांनी त्या पाठीवर चिकटवला, चिमट्याच्या टोकाने खालची हवा काढली. दोन मिनिटांत पडद्यावर त्या जांभळ्या चौकोनाच्या मध्यभागी एक पांढरा चौकोन उगवला. 94 अंश. खोलीचं तापमान 31.

शेडमधल्या पेटीत आतली हवा 61 अंशांपर्यंत गेल्याची नोंद गेल्या वर्षीची आहे. त्यात ही 63 अंशांची वाढ मिळवली की पाठीवर 124, आणि आतली चिप त्याहून गरम. ट्रान्सिव्हरचं व्होल्टेज गेलं की पीसीआय एक्सप्रेसची लिंक तुटते आणि कार्ड दिसेनासं होतं. तक्रारीशी हे तंतोतंत जुळतं.

आता यापुढे चकचकीत भागावर टेप लावल्याशिवाय कॅमेऱ्याचा एकही आकडा नोंदवहीत जाणार नाही.

13 मार्च, बुधवार

0.6 वॅट सापडले. साध्या व्होल्टमीटरने सापडले, आणि जिथे सापडले तो भाग मीच तीन वर्षांपूर्वी काढलेला.

स्लॉटच्या पिनेवर 12.05 व्होल्ट. कोअर रेग्युलेटरच्या इनपुट कपॅसिटरवर 11.61. मधले 0.44 व्होल्ट गुणिले 1.37 अँपिअर बरोबर 0.6 वॅट. वाटेत तीन गोष्टी आहेत: फ्यूज, फेराइट बीड (वेगवान तरंग अडवणारा मणी) आणि एक शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा). एकट्या डायोडवर 0.38 व्होल्ट.

दुरुस्तीच्या टेबलावर कार्ड स्लॉटशिवाय चालवता यावं म्हणून बाहेरून 12 व्होल्ट द्यायचा जॅक ठेवला आहे. जॅक आणि स्लॉट दोन्ही जोडले गेले तर एकातून दुसऱ्यात उलटा करंट जाऊ नये म्हणून दोन्हींच्या वाटेवर एकेक डायोड. सर्किटच्या पहिल्या पानावर, कोपऱ्यात. कागदावरच्या हिशोबात मी सगळ्या रेग्युलेटरना 12 व्होल्ट मिळतात असं धरलं आणि ते पान उलटून पाहिलंच नाही. कार्डात येणारा 12 व्होल्टचा प्रत्येक मिलिअँपिअर त्या डायोडातून जातो.

जॅक काढून टाकावा असं मला वाटलं होतं. पण दुरुस्ती विभागातली ताई म्हणाली, परत आलेल्या दहापैकी नऊ कार्डं ती आधी जॅकवरच चालवून बघते. मग जॅक राहील. डायोडच्या जागी एन-चॅनेल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि त्याला सांभाळणारी आयडियल डायोडची कंट्रोलर चिप. 8 मिलिओहमच्या मॉसफेटमध्ये 1.37 अँपिअरला 15 मिलिवॅट जातात. 0.52 वॅटच्या जागी 0.015.

18 मार्च, सोमवार

आता मोठं दुखणं. लिनियर रेग्युलेटरमध्ये जेवढा करंट बाहेर जातो तेवढाच आत येतो, आणि आतल्या-बाहेरच्या व्होल्टेजमधला फरक उष्णता होऊन जातो. 3.3 वरून 1.2 काढायचे म्हणजे 36 टक्के कार्यक्षमता, 3.3 वरून 1 काढायचा म्हणजे 30. कितीही महागाचा रेग्युलेटर आणला तरी हे गणित बदलत नाही. ट्रान्सिव्हरच्या दोन लाइनींवर मिळून 2.4 वॅट असे जातात, आणि एडीसीसाठी 5 वरून 1.8 काढताना आणखी 1.6. सात वॅटांपैकी चार इथेच.

सरळ स्विचिंग रेग्युलेटर (वेगाने चालू-बंद होत व्होल्टेज उतरवणारा) लावायचा मोह होतो. पण ट्रान्सिव्हरला व्होल्टेजवर 10 मिलिव्होल्टपेक्षा जास्त तरंग (चढउतार) चालत नाहीत, आणि एडीसीचं तर कामच बारीक सिग्नल मोजण्याचं. लिनियर रेग्युलेटर तिथे साफसफाईसाठी आहे, ते काम त्याच्याकडे राहू द्यायचं. फक्त त्याच्या डोक्यावरचं जादा व्होल्टेज काढून घ्यायचं. आधी स्विचिंगने 1.5 व्होल्टपर्यंत आणायचं, मग लिनियरने 1.2 आणि 1. त्यासाठी चिपच्या आतल्या सर्किटला वेगळी बायस पिन असलेला, कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर लागेल.

हे 1.5 व्होल्ट 12 वरून काढावेत की 3.3 वरून, यावर बराच वेळ चर्चा झाली. माझा कौल 3.3 ला. स्विचिंगमध्ये जाणारी शक्ती इनपुट व्होल्टेजबरोबर वाढते, त्यामुळे 3.3 वरून 92 टक्के सहज मिळतील. शिवाय 3.3 ची लाइन सध्या 1.1 अँपिअर देते, तिच्यावरचा भार उलट निम्म्यावर येईल.

एडीसीसाठी तसंच, 5 वरून 2.2, मग 1.8.

26 मार्च, मंगळवार

काल धुळवड. आज नव्या सर्किटचे दोन छोटे बोर्ड जुन्या कार्डावर चढवले. लिनियर रेग्युलेटर काढून त्यांच्या पॅडवर सेंटिमीटरभर लांबीच्या वायरी. ट्रान्सिव्हरची बाजू पहिल्याच झटक्यात चालली. 3.3 ची लाइन 0.54 अँपिअरवर आली, लिंकवर एकही एरर नाही. 1.84 वॅट वाचले.

एडीसीच्या बाजूला वॅट वाचले, पण मोजमाप बिघडलं.

2 एप्रिल, मंगळवार

एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या दाखवणारा आलेख) काढली की 2.1 मेगाहर्ट्झवर काडी उभी, उणे 78 डीबी. तीच नव्या छोट्या रेग्युलेटरची स्विचिंग फ्रिक्वेन्सी. ग्राहकाला आम्ही उणे 90 च्या खाली सगळं स्वच्छ असल्याचं लिहून दिलेलं आहे. दीड वॅटासाठी मोजमाप खराब करून चालणार नाही, त्यापेक्षा जुनं सर्किट परत लावेन.

पहिला संशय लिनियर रेग्युलेटरवर. तो काही किलोहर्ट्झपर्यंत तरंग छान दाबतो, पण मेगाहर्ट्झमध्ये त्याची ताकद फार कमी होते. म्हणून त्याच्या आधी फेराइट बीड आणि कपॅसिटरचा फिल्टर वाढवला. 1.8 ची लाइन स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) पाहिली, प्रोबची लांब अर्थ-वायर काढून टोकाला स्प्रिंग लावून. लाइन आरपार स्वच्छ.

काडी जागच्या जागी. उणे 78.

5 एप्रिल, शुक्रवार

तीन दिवस त्या काडीमागे. लाइन स्वच्छ असताना ती येते कुठून? फिल्टर दुप्पट केला तरी तसूभर हलत नाही, म्हणजे ती वायरीतून येतच नाही.

को-अॅक्स केबलच्या टोकाला वायरीचा एक वेढा घालून बोटाच्या पेराएवढा लूप प्रोब बनवला आणि बोर्डाच्या वर फिरवला. छोट्या रेग्युलेटरच्या कॉइलजवळ आला की स्कोपवर तरंग उसळतो. तिथून पट्टीने मोजलं: 11 मिलिमीटरवर दुसऱ्या चॅनेलचा इनपुट ट्रान्सफॉर्मर. कॉइल अर्धवट झाकलेली, बाजूने उघडी. तिचं चुंबकीय क्षेत्र थेट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरत होतं. खात्रीसाठी काकांनी कॉइल उपसून 90 अंशांत वळवून बसवली, तर काडी 9 डीबीने खाली आली. व्होल्टेज तेच, करंट तोच, फक्त कॉइलची दिशा बदलली.

मग पूर्ण बंद, मोल्डेड कॉइल लावली आणि छोटा बोर्ड वायरींवर उचलून दुसऱ्या टोकाला नेला. उणे 96. आता ही काडी कुजबुजीत मिसळून जाते. नव्या बोर्डावर ह्या रेग्युलेटरची जागा अॅनालॉग बाजूपासून किमान 40 मिलिमीटर दूर, हे ले-आउटच्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं.

वाचलेलं एकूण: एडीसीच्या लिनियर रेग्युलेटरकडून 1.3 वॅट. 5 व्होल्ट बनवणाऱ्या रेग्युलेटरवरचाही भार 4 वॅटवरून 2.7 वर आला, तिथले आणखी 0.1.

10 एप्रिल, बुधवार

काल पाडवा, घरी होते. आज कोअरचं सर्किट. कॅमेऱ्यात पांढरं दिसलं तेच. 6 वॅट देताना दीड वॅट खातं, म्हणजे 80 टक्के. 12 वरून थेट 1 व्होल्ट काढताना वरचा मॉसफेट फक्त सुमारे 8 टक्के वेळ चालू असतो, बाकी सगळा वेळ खालचा. त्यामुळे दोघांचा तोटा वेगळ्या प्रकारचा.

दीड वॅटाचे तुकडे पाडले. चालू-बंद होण्याच्या क्षणी जाणारे 0.5 वॅट, हा सगळ्यात मोठा. वरचा मॉसफेट उघडताना साधारण 18 नॅनोसेकंद असे जातात की त्याच्यावर व्होल्टेजही असतं आणि त्यातून करंटही वाहत असतो. हे सेकंदाला 8 लाख वेळा. खालच्या मॉसफेटच्या रोधात 0.26. कॉइलच्या तारेत 0.18. दोन्ही मॉसफेट बंद असतानाच्या फटीत, करंट डायोडातून वाहतो तेव्हा, 0.14. मॉसफेटचं गेट (त्याला चालू-बंद करणारं टोक) भरण्या-रिकामं करण्यात 0.12. वरच्या मॉसफेटचा रोध आणि कॉइलचा गाभा मिळून 0.12. आणि 0.2 वॅट बोर्डावरच्या तांब्यात.

यातले तीन तुकडे थेट फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात आहेत. 800 किलोहर्ट्झ कुणी ठरवले होते? जुन्या फाइलमध्ये कारण सापडलं: छोटी कॉइल बसावी म्हणून. आता 3.3 चे मोठे लिनियर रेग्युलेटर गेल्याने जागा रिकामी झाली आहे. 500 किलोहर्ट्झ आणि 0.47 च्या जागी 0.68 मायक्रोहेन्रीची कॉइल. करंटचा तरंग 2.4 वरून 2.7 अँपिअर होतो, तेवढा चालेल. खालचा मॉसफेट 6 ऐवजी 4 मिलिओहमचा. वरचा मात्र तोच ठेवला. तो मोठा घेतला तर रोध कमी होईल, पण 8 टक्के वेळेत रोधाचा तोटा मुळातच 0.05 वॅट, आणि मोठ्या मॉसफेटला चालू-बंद व्हायला वेळ जास्त लागेल.

16 एप्रिल, मंगळवार

तांब्यातले 0.2 वॅट. हे मला सगळ्यात जास्त लागले, कारण ते कुठल्याच डेटाशीटमध्ये दिसत नाहीत.

कॉइलच्या पॅडपासून एफपीजीएच्या पोटाखालच्या कपॅसिटरपर्यंत, जाता-येता मिळून, 36 मिलिव्होल्ट पडतात. 6 अँपिअरला म्हणजे 6 मिलिओहम. रेग्युलेटर व्होल्टेजची चाचपणी एफपीजीएपाशी करतो, त्यामुळे तिथे बरोबर 1 व्होल्ट मिळतो आणि रेग्युलेटर गुपचूप 1.036 देत राहतो. सगळं ठीक दिसतं आणि तोटा लपून राहतो.

35 मायक्रॉन जाडीच्या तांब्यात एका चौकोनाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम. चौकोन लहान असो की मोठा, रोध तोच. म्हणून मी ले-आउटवर पेन्सिलने चौकोन मोजते. रुंद पट्टा असेल तर तीन-चार चौकोनांत संपतो. आमच्या पट्ट्यात मेमरीच्या व्हायांनी (थरांना जोडणाऱ्या भोकांनी) मध्येच कंबर आवळली होती, आणि करंट परत येतो त्या ग्राउंडच्या थरातही तिथेच भोकांची रांग. वर तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध 0.39 टक्क्यांनी वाढतो, 80 अंशांना पाचवा हिस्सा जास्त.

ले-आउट करणाऱ्या मुलाने दोन दिवस बसून मेमरीच्या व्हाया एका बाजूला सरकवल्या, रेग्युलेटर 15 मिलिमीटर जवळ आणला आणि कोअरसाठी दुसरा आतला थरही दिला. गणिताने 2 मिलिओहम. त्याच्या कामाचं कौतुक कुठल्याच मीटरवर येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

1.8 डिजिटल आणि मेमरीच्या रेग्युलेटरना हात लावलेला नाही. दोघांचा तोटा मिळून 0.54 वॅट, आणि खूप खटपट केली तरी त्यातले 0.2 सुद्धा हाती लागणार नाहीत.

24 एप्रिल, बुधवार

बोर्ड छपाईला गेला.

14 मे, मंगळवार

बोर्ड आले, दोन कार्डं भरली. पहिलं कार्ड जॅकवर नीट चाललं, स्लॉटमध्ये दहापैकी दोन-तीन वेळा दिसत नव्हतं.

चूक माझी. जुन्या सर्किटमध्ये ट्रान्सिव्हरचे रेग्युलेटर कोअरचं व्होल्टेज तयार झाल्यावर सुरू होत. नव्या 1.5 च्या रेग्युलेटरची इनेबल पिन (त्याला सुरू करणारी) मी सरळ 3.3 ला बांधली होती, त्यामुळे ट्रान्सिव्हर कोअरच्या आधी जागा व्हायचा. काकांनी केसाएवढी वायर ओढून ती पिन कोअरच्या "तयार" सिग्नलला जोडली. मग दुसरी काळजी, की हा क्रम लावल्याने उशीर किती होतो. मदरबोर्ड व्होल्टेज स्थिर झाल्यावर किमान 100 मिलिसेकंद रिसेट धरून ठेवतो, तेवढ्यात कार्ड तयार हवं. स्कोपवर मोजलं, क्रमामुळे 12 मिलिसेकंद वाढले, एफपीजीएत प्रोग्रॅम भरून झाल्यावरही वेळ शिल्लक राहतो. पन्नास वेळा बंद-चालू केलं, पन्नास वेळा दिसलं.

17 मे, शुक्रवार

तोच रायझर, तेच शंट, तोच अर्धा तास.

12 व्होल्टवर 1.15 अँपिअर, 13.9 वॅट. 3.3 वर 0.54 अँपिअर, 1.8 वॅट. एकूण 15.6.

20.1 वरून 15.6. चारही चॅनेल तसेच, डेटाचा वेग तोच, एफएफटीत काडी नाही. स्लॉट ते कोअर रेग्युलेटर हा 0.44 व्होल्टचा फरक आता 60 मिलिव्होल्टवर. ट्रान्सिव्हरच्या रेग्युलेटरच्या पाठीवर, टेप लावून, 53 अंश.

एक गोष्ट हिशोबात धरलेली नव्हती. कोअरचा करंट 6 वरून 5.85 वर आला, प्रोग्रॅम एका अक्षरानेही न बदलता. एफपीजीएच्या शेजारचे रेग्युलेटर गार झाले, म्हणून एफपीजीए गार झाला, आणि सिलिकॉन गार झालं की त्याच्यातली गळती कमी होते. एका ठिकाणी वाचवलेल्या वॅटाने दुसऱ्या ठिकाणी 0.15 वॅट वाचवले. मोजणी तीनदा केली, तीनदा तेच आलं.

कामाला लागणारे 13 वॅट, तोटा 2.6.

21 मे, मंगळवार

कार्ड नुसतं बसून असतानाचा खर्च पाहिला. पीसीआय एक्सप्रेसमध्ये रिकामी लिंक झोपवायची सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण एलएसपीसीआयने (पीसीआय कार्डांची माहिती दाखवणाऱ्या लिनक्समधल्या आज्ञेने) दाखवलं की ह्या पेटीच्या बायोसने ती बंदच ठेवली आहे. चालू करून बघितली. जागं व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात, आणि आमचा डेटा सलग वाहत असल्याने लिंकला झोपायला उसंतच मिळत नाही. मोजमाप चालू असताना उपयोग शून्य. बायोसला हात न लावता हा विषय इथेच सोडला.

29 मे, बुधवार

ग्राहकाच्या शेडमध्ये. बाहेर 41 अंश. सकाळी नऊला कार्ड बसवलं, रेग्युलेटरच्या पाठीवर आणि पेटीच्या हवेत एकेक थर्मोकपल.

पेटीतली हवा 59. गेल्या वर्षीपेक्षा फक्त दोन अंश कमी, आणि ते ठीकच आहे, कारण पेटीतली बहुतेक उष्णता प्रोसेसरची आहे. साडेचार वॅटांनी अख्खी पेटी गार होत नाही. पण रेग्युलेटरची पाठ 82 वर थांबली. जुना बोर्ड इथे 120 च्या वर असता.

साडेतीन वाजता शेडमधले ऑपरेटर दादा स्वतःहून आले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. ही वेळ त्यांनाही पाठ होती. पावणेचार, सव्वाचार. आलेख सरकत राहिला. साडेपाचला त्यांनी चहा मागवला.

परत आलेली तीन जुनी कार्डं आमच्या कपाटात आहेत. त्यांच्यावर डायोडच्या जागी मॉसफेट लावता येईल, पण 3.3 चे रेग्युलेटर बोर्ड बदलल्याशिवाय निघत नाहीत. सोमवारी नव्या बोर्डाची तीन कार्डं भरायला काकांकडे द्यायची, इनेबलची वायर ओढून, आणि ग्राहकाला तिन्ही बदलून पाठवायची. पुढच्या छपाईआधी ती वायर ट्रेसमध्ये घालायची आहे.